तांबें, वाफ आणि विवेक

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त बार्शी येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस चार शब्द बोलण्याची विनंति केली, तेव्हां या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास आम्ही सांगूं अशी तिची अपेक्षा असावी. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं या स्मरणिकेसाठीं लिहून ठेविला आहे, आणि एकच ताट दोनदां वाढण्यांत स्वारस्य नाहीं. म्हणून आज आम्ही एका भांड्याविषयीं बोलणार आहों. विषय ऐकून कोणास हंसूं येईल, येवो. भांडें तांब्याचें आहे, आणि तें बनवावें कीं न बनवावें या प्रश्नानें आमची आठ दिवस झोंप उडविली होती.

गतवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं एके दिवशीं सायंकाळीं आमच्या धर्मग्रामांतील एक वयोवृद्ध कारागीर आमच्याकडे आले. त्यांच्या संमतीनेंच ही हकीकत सांगत आहों. नांव मात्र सांगणार नाहीं. तांब्यापितळेचें काम ही त्यांच्या घरची तिसऱ्या पिढीची विद्या. पूर्वीं बार्शींत घरोघर तांब्याचा बंब असे, घंगाळें असे, हंडेकळशा असत. कोणाचा बंब गळूं लागला, कोणाच्या पातेल्याची कल्हई गेली, कीं लोक त्यांच्या दुकानाची वाट धरीत. पुढें ॲल्युमिनियम आलें, मग स्टेनलेस आलें, विजेची शेगडी आली, आणि बंब माळ्यावर जाऊन बसले. वेदीवरील पितळी समया आणि धुपाटण्याच्या सांखळ्या दर सणापूर्वीं उजळून देणारा हात त्यांचाच. त्या कामाचा एक पैसाहि त्यांनीं कधीं घेतला नाहीं.

त्यांनीं खिशांतून एक कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर एक आकृति होती. खालीं गोल पोटाचें भांडें, त्यावर कांद्याच्या आकाराचें डोकें, त्यांतून हंसाच्या मानेसारखी वळून खालीं उतरणारी नळी, आणि ती नळी शेवटीं पाण्याच्या पिंपांत वेटोळीं घेऊन बाहेर पडलेली. शहरांतून आलेल्या एका सुशिक्षित तरुणानें हा कागद त्यांस दिला होता. त्याला घरच्या घरीं जिन नांवाची दारू गाळावयाची हौस होती, आणि त्यासाठीं तो चांगला मोबदला द्यावयास तयार होता.

"फादर," ते म्हणाले, "सहा महिन्यांत असें काम हातीं आलें नाहीं. पत्रा जाड आहे, झाळ पितळेची द्यावी लागेल, वेटोळें वाकवायचें तर नळींत वाळू भरून ती तापवावी लागेल. हें काम करायला अजून माझ्या हातांत बळ आहे. पण घ्यावें कीं सोडावें, तें तुम्ही सांगा."

आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. तेवढ्या दिवसांत आम्हीं जें वाचलें, आठवलें व विचारांत घेतलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम यंत्राविषयीं. ज्या गृहिणीनें भाताच्या पातेल्यावरील झांकण उचललें आहे, तिनें हें यंत्र पाहिलेलेंच आहे. झांकणाच्या आंतल्या बाजूस जे थेंब जमतात ते पातेल्यांतील वाफेचे. भांड्याखालीं अग्नि, वर झांकण, आणि झांकणावर जमलेले थेंब वाहून नेणारी वाट, एवढेंच हें यंत्र. वाफ बार्शीकरांस नवीन नाहीं. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून जी आगगाडी येथें आली, ती वाफेनेंच ओढून आणिली. ते अरुंद रूळ आतां गेले, पण वृद्धांच्या कानांत ती शिटी अजून आहे. आगगाडींत वाफ ढकलते. या भांड्यांत वाफ निवडते. शुद्ध मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. दोहोंचें मिश्रण मंद आंचेवर तापविलें तर वर येणाऱ्या वाफेंत मद्यार्काचा अंश अधिक असतो. ती वाफ थंड केली कीं जें टपकतें तें मूळ मिश्रणाहून तीव्र. तथापि ही निवड कधींच पुरी होत नाहीं. कितीहि वेळां गाळलें तरी साध्या भट्टींतून मद्यार्काचे शंभरांत सुमारें ९६ भागांपलीकडे जातां येत नाहीं. थोडें पाणी त्याची संगत सोडीत नाहीं.

मग हें भांडें तांब्याचेंच कां? रुप्याखालोखाल उष्णता वाहून नेणारी धातु तांबें हीच. त्यामुळें आंच एके ठिकाणीं सांचून खालचा माल करपत नाहीं. तांबें मऊ, म्हणून हातोड्यानें हवा तो आकार घेतें. तिसरें कारण अधिक नवलाचें आहे. रस आंबतांना त्यांत गंधकाचे दुर्गंधी पदार्थ उत्पन्न होतात. तप्त तांब्याचा पृष्ठभाग ते आपल्या अंगावर घेतो, आणि वाफ स्वच्छ होऊन पुढें जाते. म्हणून लोखंडाच्या या युगांतहि स्कॉटलंडांतील भट्ट्या तांब्याच्याच आहेत. दुर्गंध स्वतःच्या अंगावर घेऊन दुसऱ्यास निर्मळ करणारें हें तांबें पाहून धर्मगुरूस जें आठवावें तें आम्हांस आठवलें. तें येथें विस्तारानें सांगत नाहीं.

या यंत्राचा वंश फार जुना आहे. अलेक्झांद्रिया नगरींत मारिया नांवाची एक यहुदी विदुषी होऊन गेली. तिचे स्वतःचे ग्रंथ आज उरले नाहींत, परंतु सुमारें इसवी सन ३०० मधील झोसिमोस नांवाच्या लेखकानें तिचीं वचनें नोंदविलीं आहेत. तीन नळ्यांच्या भट्टीचें वर्णन करतांना नळ्यांचा तांब्याचा पत्रा हलवायाच्या तव्याहून किंचित् जाड घ्यावा, असें ती सांगते. आमच्या वृद्ध कारागिरांस हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "बाई जाणती होती." पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून तापविण्याच्या रीतीला युरोपांत अजून तिचेंच नांव आहे. पुढें अरब विद्वानांनीं ही कला वाढविली. नवव्या शतकांतील अल्-किंदी यानें फुलांचीं अत्तरें व अर्क काढण्याच्या रीति लिहून ठेविल्या. बाराव्या शतकाच्या सुमारास इटलींतील वैद्यांनीं द्राक्षारस गाळून मद्यार्क काढिला, आणि त्यास 'जीवनजल' असें लॅटिन नांव पडलें. त्या काळीं तें औषध होतें; मठांतील संन्यासी तें वनस्पतींत मुरवून रोग्यांस चमचा चमचा देत. आपल्या देशांतहि रसशास्त्राच्या ग्रंथांत तिर्यक्पातनयंत्र वर्णिलें आहे, आणि कनोज येथें गुलाबाचें व केवड्याचें अत्तर आजहि तांब्याच्या देगेंतून बांबूच्या नळीनें भपक्यांत उतरवितात.

पण पुस्तकांत वाचणें निराळें आणि डोळ्यांनीं पाहणें निराळें. सेमिनरींत असतां एका उन्हाळी सुटींत आम्ही एका सहाध्यायाच्या गांवीं गोव्यांत गेलों होतों. एप्रिल महिना. काजूच्या बागेंत पिकून खालीं पडलेलीं बोंडें बायकामुलें वेंचीत होतीं. झाडावरचें फळ कोणीं तोडीत नसे. बी वेगळी काढून बोंडें कातळांत कोरलेल्या खळग्यांत टाकीत आणि पायांनीं तुडवीत. तो रस मोठ्या मातीच्या रांजणांत तीन दिवस आपोआप आंबे. त्यांत खमीर म्हणून बाहेरचें कांहीं घालीत नसत. मग तो भाण नांवाच्या भांड्यांत जाई. पूर्वीं हें भांडें मातीचें असे, पुढें तें तांब्याचें झालें. त्याच्या तोंडावर झांकण बसवून सांध्यांवर वारुळाची माती लिंपीत आणि वर फडकें गुंडाळीत. एक नळी तेथून दुसऱ्या घड्यांत गेलेली. त्या घड्यावर एक म्हातारे गृहस्थ नारळाच्या करवंटीच्या पळीनें संथपणें गार पाणी ओतीत बसले होते. पहिल्या वेळेस जें उतरतें तें उर्राक, शंभरांत सुमारें पंधरा भाग मद्यार्काचें. तें पुन्हां रसासह गाळलें कीं फेणी. तिची तीव्रता ते म्हातारे वरून धार धरून, फेंसाचे मोती किती वेळ टिकतात तें पाहून सांगत.

त्यांनीं आम्हांस एक गोष्ट सांगितली ती आम्ही विसरलों नाहीं. ते म्हणाले, "पात्राव, हातांत पळी घेऊन बसलेला माणूस हलला तर भट्टी बिघडते. आग लावणें सोपें. पाणी ओतीत बसणें कठीण." ही कला त्या गांवांत उघड्यावर होती. सरकारचा परवाना होता, हंगामाच्या आरंभीं सरकारी लिलाव होई, हंगाम मे अखेरीस संपे आणि भाण उलटें करून ठेवीत. या काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक संकेताची मान्यता मिळाली, आणि २०१६ सालीं गोवा राज्यानें तिला आपला वारसा म्हणून घोषित केलें. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, तांब्याची भट्टी ही स्वतः पाप नव्हे. ज्याला असें वाटत असेल त्यानें काना गांवचें लग्न पुन्हां वाचावें. प्रभूनें आपलें पहिलें चिन्ह पाण्याच्या रांजणांपाशीं केलें, आणि आपण दररोज वेदीवर द्राक्षारसच अर्पण करतों.

आतां जिनविषयीं. ही आपल्या मातीतील वस्तु नव्हे. हॉलंडांत धान्याच्या मद्यार्कांत ज्युनिपर नांवाच्या झुडपाचीं फळें घालून तो पुन्हां गाळीत. आरंभीं हेंहि औषधच. आयुर्वेदांत ज्यास हपुषा म्हणतात तींच हीं फळें, आणि हिमालयांत तीं होतात. १६८८ नंतर हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, आणि ही दारू लंडनमध्यें स्वस्त झाली. पुढच्या साठ वर्षांत तिनें गरिबांच्या वस्त्यांची जी धुळधाण केली, तिची साक्ष १७३६ व १७५१ सालच्या कायद्यांत आणि होगार्थ या चित्रकाराच्या १७५१ मधील चित्रांत आहे. त्या चित्रांतील आईच्या हातून मूल खालीं पडत आहे आणि तिला शुद्ध नाहीं. या देशांतील गोऱ्या अधिकाऱ्यांनीं तीच जिन हिंवतापावरच्या कडू क्विनीनबरोबर घेतली. २०१७ पासून गोव्यांत परवानाधारक कारखाने देशी मसाले घालून तांब्याच्या भांड्यांत जिन गाळूं लागले आहेत, आणि शहरांतील तरुणांत तिचें कौतुक आहे. आमच्या कारागिराकडे आलेला तरुण त्यांपैकींच एक. तो दुष्ट नव्हता, हौशी होता.

परंतु हौसेला तीन गोष्टी दिसत नाहींत, आणि त्या सांगणें आमचें कर्तव्य आहे.

पहिली, आग. मद्यार्काची वाफ हवेहून जड असते. सांध्यांतून निसटली तर ती जमिनीवरून सरपटत चुलीकडे जाते. आणि नळी कोठें तुंबली तर तेंच भांडें बाँब होतें.

दुसरी, विष. साधी डाख म्हणजे कथील व शिसें यांचें मिश्रण. शिशाची डाख दिलेल्या भांड्यांतून जें उतरेल त्यांत शिसें उतरेल; अमेरिकेंत मोटारीचे जुने रेडिएटर वापरून चोरून दारू गाळणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांस शिशाची विषबाधा झाल्याचे दाखले वैद्यकांत आहेत. मेथिल मद्यार्क हें दुसरें विष. फळांच्या रसांत तें अल्प असतें. तांब्याच्या भांड्यानें तें उत्पन्न होत नाहीं. परंतु भांड्यानें तें पूर्णपणें काढूनहि टाकतां येत नाहीं, कारण वाफेची निवड कधींच पुरी नसते हें वर सांगितलेंच. मोठे अनर्थ होतात ते कारखान्याचा विषारी मद्यार्क दारूंत मिसळल्यानें. डिसेंबर २००४ मध्यें मुंबईस विक्रोळी येथें ८७ माणसें मेलीं. जून २०१५ मध्यें मालाड येथील मालवणींत शंभरांवर. जिनला तयार मद्यार्क लागतो. घरीं गाळणारा तो आणणार कोठून, आणि तो कोणता आहे हें ओळखणार कसा?

तिसरी गोष्ट, कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. परवान्याशिवाय दारू गाळणें तर गुन्हा आहेच, पण त्याच हेतूनें भट्टी अथवा तिचीं उपकरणें जवळ बाळगणें हाहि त्यांत गुन्हा आहे. त्याच अधिनियमांत धर्मविधीच्या द्राक्षारसासाठीं धर्मगुरूंस अधिकृत परवानगीची सोय ठेविली आहे. जो समाज वेदीसाठीं त्या कायद्याची सवलत घेतो, त्यानें दिवाणखान्यासाठीं तो मोडावा हें शोभत नाहीं.

एवढा विचार झाल्यावर उत्तर सोपें होतें असें आपणांस वाटेल. आम्हांस तें सोपें गेलें नाहीं, आणि त्याचें कारण आमच्याच पूर्वायुष्यांत आहे. तें आज कबूल करतों.

धर्मगुरुपदाच्या पहिल्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका खेड्यांतील धर्मग्रामांत होतों. तेथील एका घरीं लग्नकार्यासाठीं गुळाची दारू गाळीत. भांडें घरचेंच, जुन्या बंबाचें केलेलें. तें सर्वांस ठाऊक होतें, आम्हांसहि. त्या घरीं आम्ही जेवलों. परसांतून वास आला. आम्हीं विचारलें नाहीं. नव्यानें आलेला तरुण धर्मगुरु, यजमान प्रेमळ, उगाच वाईटपणा कशाला घ्यावा, असा तो हिशेब. पुढच्या वर्षीं धाकट्याच्या लग्नापूर्वीं सांधा सुटला. भट्टीपाशीं थोरला मुलगा बसला होता, वय एकोणीस. चेहरा व दोन्हीं हात भाजले. तो वांचला. परंतु त्याच्या उजव्या हाताचीं बोटें एकमेकांस चिकटलीं तीं कायमचीं. इस्पितळांत त्याला ख्रिस्तप्रसाद देतांना तो हात पुढें करूं शकत नव्हता, आणि त्याचे वडील आम्हांस म्हणाले, "फादर, तुम्ही एकदां जरी बोलला असतां." त्यांनीं तें रागानें म्हटलें नाहीं, म्हणूनच तें अधिक लागलें.

नीतिशास्त्रांत परक्याच्या दोषांत सहभागाचे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि संत आल्फोन्स लिगोरी यांनीं त्यांचें विवेचन केलें आहे. दुसऱ्याच्या वाईट हेतूलाच आपली संमति असली तर तो सहभाग केव्हांहि वर्ज्य. हेतूला संमति नाहीं, पण आपल्या वस्तूचा वा श्रमाचा दुसरा गैरवापर करील, असा प्रसंग असेल तर कारण किती गंभीर, धोका किती जवळचा, आणि आपण नाहीं म्हटल्यानें काय होईल, हें तोलावें लागतें. सुरी विकणारा लोहार खुनी होत नाहीं. पण गिऱ्हाईक सुरी कशासाठीं हवी तें सांगून विकत मागत असेल, तर लोहाराला कान नाहींत असें म्हणतां येत नाहीं. आमच्या कारागिराला गिऱ्हाइकानें हेतु सांगितला होता. आणि त्या खेड्यांत आम्हांस नाक होतें.

आठव्या दिवशीं आम्हीं त्यांना बोलावून सर्व सांगितलें, आणि म्हटलें, "परवाना दाखवील तर खुशाल करा. नाहींतर हें काम तुम्ही घेऊं नये."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, तुम्ही सांगतां तें बरोबर आहे. पण नको म्हणायला तुम्हांस कांहीं पडत नाहीं. घरांतली चूल माझी आहे."

या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. व्यासपीठावरून निषेध करणाऱ्यानें त्या निषेधाची किंमत कोण भरतो तें पाहिलें पाहिजे. नाहींतर आपला धर्म दुसऱ्याच्या खर्चानें पाळल्यासारखें होतें. त्यांनीं त्या तरुणाकडे परवाना मागितला. तो पुन्हां आला नाहीं. काम गेलें.

महिन्याभरानें आम्हीं त्यांस दुसरें विचारलें: तेंच भांडें, तीच मान, तेंच वेटोळें, पण आंत मद्य नाहीं, गवती चहा. अर्क काढण्यास कोणता परवाना लागत नाहीं, आणि अधिनियमाचा सगळा रोख हेतूवर आहे. त्यांचे डोळे उजळले. दहा लिटरांचें भांडें त्यांनीं पंधरा दिवसांत घडविलें. शिसें टाळून पितळेची झाळ दिली. वेटोळें वाकवितांना नळी कोठेंहि चेपली नाहीं. तळाशीं पाणी, वर जाळीवर चिरलेली गवती चहाची पात, असें धर्मगुरुनिवासाच्या मागील अंगणांत पहिल्यांदा चूल पेटविली. डोक्याच्या सांध्यांतून वाफ फुसफुसूं लागली तेव्हां स्त्रीमंडळाच्या एका भगिनीनें घरून कणीक मळून आणिली आणि सांधा लिंपला. काय गोव्यांतली वारुळाची माती, काय बार्शींतली कणीक! तासाभरानें नळींतून थेंब पडूं लागले. बाटलींत सुगंधी पाणी जमलें, आणि त्यावर पिवळसर तेलाचा पातळ पापुद्रा. टोपलीभर पातींतून निघालें तें तेल एका लहान चमच्यांत मावलें असतें. आमचे कारागीर तें पाहत उभे होते. त्यांच्या हातांना किती दिवसांनीं त्यांच्या योग्यतेचें काम मिळालें होतें!

या कामानें त्यांचें घर सुखानें चालतें असें आम्ही म्हणणार नाहीं; तें खरें नव्हे. आजवर अशीं तीनच भांडीं त्यांनीं विकलीं आहेत. परंतु त्यांचा नातू, जो पूर्वीं दुकानाकडे फिरकत नसे, तो आतां संध्याकाळीं हातोडा धरूं लागला आहे. पुण्याच्या तांबट आळींत मठारकामाची जी विद्या पेशवाईपासून चालत आली, तिला आज शहरी घरांतून पुन्हां गिऱ्हाईक मिळत आहे असें ऐकतों. येथील उदिमांत असलेल्या बांधवांनीं हें लक्षांत घ्यावें. लग्नांत आहेर द्यावयाचा तर एक तांब्याची कळशी द्या. नको म्हणण्याची किंमत एकट्या कारागिरानें भरूं नये; ती धर्मग्रामानें वांटून घ्यावी.

बंधुभगिनींनो, शेवटीं एक कठीण गोष्ट बोलावयाची आहे. ख्रिस्ती माणूस म्हटला कीं दारू आलीच, असा एक टोमणा आपण सर्वांनीं ऐकला आहे. तो अन्यायाचा आहे. पण आपल्यांतील कित्येक घरांत तो खराहि आहे, आणि त्या घरांतील माता रात्रीं आमच्या दारीं येऊन बसल्या आहेत. याच बार्शींत १९८७ सालीं ग्रामीण भागांतील कर्करोगाच्या नोंदीचें देशांतील पहिलें काम सुरू झालें. आणि मद्य हें कर्करोगाचें एक निश्चित कारण होय असा निर्वाळा जागतिक संशोधकांनीं १९८८ सालींच दिला आहे. आयर्लंडांत फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कापुचिन संन्याशानें १८३८ सालीं कॉर्क शहरीं मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर पहिली सही केली, आणि लाखों लोक त्याच्या मागून आले. आम्ही आपणांकडून सर्वांची प्रतिज्ञा मागत नाहीं. ज्याला प्याला हातांत धरून तो खालीं ठेवतां येतो, त्यानें देवाचे आभार मानावे. ज्याला ठेवतां येत नाहीं, त्यानें लाजूं नये. १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अनामिक मद्यपी बंधुसंघाची रीत हीच कीं, एकानें दुसऱ्याजवळ मोकळेपणानें बोलावें. आमचें दार त्यासाठीं रात्रींहि उघडें आहे. आणि यापुढें कोणाच्या परसांतून वास आला तर आम्ही विचारणार आहों. आपण रागावलांत तरी चालेल.

फ्रान्समध्यें कार्थूसियन संन्याशांचा एक मठ आहे. १६०५ सालीं त्यांस मिळालेल्या एका हस्तलिखितावरून ते १३० वनस्पतींचें एक पेय गाळतात, आणि तें जगभर विकलें जातें. मागणी वाढतच गेली. पण आपण उत्पादन आणखी वाढविणार नाहीं, प्रार्थनेचा वेळ भट्टीला देणार नाहीं, असें त्या संन्याशांनीं ठरविलें, आणि २०२३ सालीं तें जगजाहीर झालें. ज्यांच्या हातीं यंत्र आहे त्यांनींच त्याला मर्यादा घातली. ती पळी हातांत घेऊन बसलेल्या गोव्याच्या म्हाताऱ्यांस हें कळलें असतें तर त्यांनीं मान डोलावली असती.

भट्टी नवें कांहीं निर्माण करीत नाहीं. जें भांड्यांत घातलें असेल त्यांतीलच वर येतें. महोत्सवाचेंहि तसेंच आहे. पताका, वाजंत्री आणि ही स्मरणिका म्हणजे केवळ आंच होय. इतक्या वर्षांत आपण एकमेकांसाठीं जें केलें वा करावयाचें टाळलें, तेंच आज वर येईल. त्या भाजलेल्या मुलाचा हात आमच्या वांट्यास वर आला, तो आम्हीं आपणांपुढें ठेविला. आपापल्या भांड्यांत काय आहे तें आपण घरीं गेल्यावर पाहावें.

वेदीवरच्या समया या महोत्सवासाठीं पुन्हां उजळून आल्या आहेत. या वेळीं आम्हीं त्या कामाचे पैसे दिले, आणि बऱ्याच आग्रहानंतर ते घेतले गेले. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.